साथीच्या दिवसांत पुणेकराला काय कळायला हवे?

पुण्यात साथ आली की तिच्या मागोमाग एक ठरलेला वाद सुरू होतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात हातापायांतली ताकद घालवणाऱ्या गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले, तेव्हाही तो झाला. एका बाजूचे म्हणणे, रोज आकडे जाहीर करून काय साधते? लोक घाबरतात, दवाखान्यांत गर्दी करतात, चिकन खाणे सोडतात, अफवांना ऊत येतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, लपवालपवी नको; सगळे आकडे, सगळे तक्ते लोकांपुढे टाका, पुढचे लोक बघून घेतील. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांपर्यंत हेच दोन तट पडतात आणि साथ ओसरली की वादही विरून जातो. हेतू दोघांचाही चांगला आहे, पण दोघेही आकड्यापाशीच अडून बसतात. साथीच्या काळात महापालिका जी माहिती देते तिला माझ्या मते एकच कसोटी लावायला हवी: ती वाचून किंवा ऐकून धायरीतल्या, कासेवाडीतल्या, एरंडवण्यातल्या माणसाला आज आपण काय करायचे ते कळले का, आणि सांगितलेले करणे त्याला जमण्यासारखे आहे का? या कसोटीला आपली माहिती अनेकदा उतरलेली नाही, ती थोडी दिली गेली तेव्हाही आणि ढिगाने दिली गेली तेव्हाही.

घबराटीचा मुद्दा हलक्यात काढण्यासारखा नाही. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तोही एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. त्यानंतरचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा आठवत असतील. ताप असलेले, नुसता खोकला असलेले आणि काहीच नसलेले पण धास्तावलेले, सगळे एकाच रांगेत तासन् तास उभे. श्वासातून पसरणाऱ्या आजारात ती रांगच धोक्याची होती. मास्क मिळेनासे झाले, शाळा आणि चित्रपटगृहे बंद करावी लागली. आकडे जपून द्या म्हणणाऱ्यांच्या मनात हे दृश्य असते आणि ते चुकीचे नाही. पण ती रांग लागली कशामुळे? शहरात मृत्यू झाला हे लोकांना कळले होते, तपासणी मोजक्याच सरकारी ठिकाणी होते हेही कळले होते. तपासणी कोणाला लागते आणि कोणाला लागत नाही, हे मात्र बहुतेकांपर्यंत पोहोचलेले नव्हते. पुढे केंद्राने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडून दिले. साधा ताप-खोकला असेल तर घरीच राहा, तपासणीची गरज नाही. गर्भवती, वृद्ध, जुने आजार असलेले यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध सुरू करावे. दम लागत असेल तर लगेच रुग्णालय. हे तीन गट कळले की माणूस स्वतःला कुठल्या तरी गटात ठेवू शकतो आणि त्यातले बहुसंख्य लोक घरी थांबतात. म्हणजे माहिती कमी करून ती रांग आटली नसती. माहितीचा जो तुकडा गायब होता, तो वेळेत मिळाला असता तर आटली असती.

धोक्याचा आकडा ऐकला की पुणेकर सैरभैर होतात, हे तर दर पावसाळ्यातल्या अनुभवाशीही जुळत नाही. खडकवासला धरणातून मुठा नदीत अमुक हजार क्युसेकने विसर्ग सुरू केला, ही बातमी आपण जुलै-ऑगस्टात जवळजवळ रोज ऐकतो. कोण घाबरते? भिडे पूल पाण्याखाली जाणार, नदीपात्रातल्या रस्त्यावरच्या गाड्या काढायच्या, काठच्या वस्त्यांनी सामान वर चढवायचे, हे ज्याचे त्याला समजते. क्युसेक म्हणजे नेमके किती पाणी हे शंभरातल्या फार थोड्यांना सांगता येईल, पण त्या आकड्यापुढे आपण काय करायचे ते सगळ्यांना माहीत असते. वर्षानुवर्षे एकच ठिकाण, एकच माप आणि त्याचा एकच परिणाम सांगितला गेल्यामुळे ही समज तयार झाली. २५ जुलै २०२४ रोजी मुठेकाठच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा रहिवाशांची तक्रार काय होती? विसर्ग वाढतो आहे हे आम्हाला वेळेत सांगितले नाही, ही. जास्त सांगितले म्हणून आम्ही घाबरलो, असे कोणी म्हणाले नाही. त्याही मागे जायचे तर १२ जुलै १९६१ आहेच. पानशेत धरण फुटले त्या सकाळी शहरातल्या बहुतेकांना स्पष्ट सूचना वेळेत मिळाली नव्हती. आणि पूर ओसरल्यावर पुन्हा पाणी आल्याची अफवा उठली तेव्हा लोक जीव मुठीत धरून धावत सुटले. एकदा न सांगितल्याचे हे फळ होते. आदल्या दिवशी ज्यांना कोणी काही सांगितले नाही, ते दुसऱ्या दिवशी कोणाचेही ऐकतात.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. ठिकाण जाहीर केले की त्या ठिकाणच्या माणसांना वाळीत टाकले जाते, आणि हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि काही दिवसांतच रुग्णांची नावे, पत्ते, सोसायट्या मोबाइलवर फिरू लागल्या. रुग्णालयात राबणाऱ्या परिचारिकांना घरमालकांनी खोली सोडायला सांगितले. पेठांतल्या गल्ल्यांना पत्रे ठोकले गेले आणि पत्र्याआडच्या माणसाकडे साथीचा उगम म्हणून बघितले गेले. त्यामुळे रुग्णाची ओळख जपलीच पाहिजे, यात मला कसलीही तडजोड मान्य नाही. एखाद्या भागात एक-दोनच रुग्ण असतील तर सोसायटीचे नाव काढण्याचे काही कारण नाही. आजूबाजूचा मोठा भाग सांगावा. पण यावरून ठिकाणच सांगू नये असा निष्कर्ष काढणे म्हणजे माणसाची ओळख आणि धोक्याची जागा यांची गल्लत करणे. जीबीएसच्या वेळी दूषित पाण्याचा संशय होता. सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गावच्या विहिरीवरून ज्यांच्या घरी पाणी येते त्यांनी ते उकळल्याशिवाय पिऊ नये, या वाक्यात कोणत्या रुग्णाची बदनामी होते? उलट ते न सांगितल्याने एखाद्या कुटुंबात दुसरा माणूस अंथरुणाला खिळला तर त्याची जबाबदारी कोणाची?

ओळख आणि अपमान यांचा विषय निघाला की पुण्यात १८९७ आठवल्याशिवाय राहत नाही. आपण ते वर्ष २२ जूनच्या रात्रीसाठी लक्षात ठेवतो: गणेशखिंड रस्ता, चापेकर बंधू, रँड. आरोग्याच्या बाजूने त्या वर्षाकडे फारसे कोणी पाहत नाही. प्लेगच्या साथीसाठी त्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली सैनिकांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. माजघर, देवघर, बायकांच्या खोल्या, काही सोडले नाही. संशय आला की माणूस छावणीत, सामान रस्त्यावर, अनेकदा आगीत. परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले, मृतदेह गुपचूप हलवू लागले. ज्या साथीला हुडकायचे होते ती आणखी आत दडली. टिळकांनी 'केसरी'तून या जुलमावर कोरडे ओढले, पण रुग्णाला वेगळे ठेवण्याचा उपाय त्यांना मान्य होता आणि हिंदू रुग्णांसाठी वेगळे रुग्णालय उभे करण्यात त्यांनी पुढाकारही घेतला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरजवळच्या सासाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव प्लेगच्या रुग्णांवर उपचार करत होते. सावित्रीबाईंनी रुग्ण स्वतः वाहून आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग तोच, शहर तेच, वर्ष तेच. एका दारापासून लोक आपला माणूस लपवत होते आणि दुसऱ्या दारी तो विश्वासाने सोपवत होते. विलगीकरण दोन्हीकडे होते. फरक होता तो समोरच्या माणसाला काय चालले आहे ते सांगण्याचा, त्याला कोणी तरी विचारण्याचा. तोच १८९७ चा कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. कायद्याने अधिकार मिळतात, हे ठीक. लोकांना समजावून सांगण्याचे कर्तव्य त्या कायद्यात तेव्हाही नव्हते आणि ते आपण स्वतःहून स्वीकारल्याशिवाय येणारही नाही.

आता पारदर्शकतेच्या बाजूकडे. माझा कल मुळात याच बाजूचा आहे, म्हणून तिच्या कमतरतेवर जास्त बोलायला हवे. करोनाच्या पहिल्या वर्षी महापालिकेने रोज संध्याकाळी आकडे दिले: आजचे नवे रुग्ण, बरे झालेले, गंभीर, मृत्यू आणि आजवरचे एकूण. या कामामागची मेहनत मोठी होती आणि इतके नियमितपणे सांगणे हे स्वागतार्हच होते. पण त्या 'आजवरच्या एकूण' संख्येचे कोणी काय करायचे होते? ती फक्त वाढतच जाणार. ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये पुणे रुग्णसंख्येत देशात सगळ्यांच्या पुढे गेले, तशा ठळक बातम्या झाल्या. पुण्यात तपासण्या मोठ्या प्रमाणावर होत होत्या, जिथे तपासणी कमी तिथे रुग्णही कमीच दिसणार, हा भाग बातमीच्या तळाशी राहिला. १६ जून २०२० रोजी राज्याने नोंदींचा मेळ घालून आधीचे १,३२८ मृत्यू एकाच दिवसात एकूण संख्येत मिळवले. चूक दुरुस्त करणे योग्यच होते. पण मृत्यू कोणत्या तारखेचे आणि नोंद कोणत्या तारखेची हे वेगळे न दाखवल्याने त्या दिवशी वाचणाऱ्याला साथीचा स्फोट झाल्यासारखे वाटले. आणि एप्रिल २०२१? संगणकाच्या पडद्यावर रिकाम्या खाटांची संख्या दिसायची आणि नातेवाईक फोन लावत राहायचे. कुठे फोन उचलला जात नसे, कुठे उत्तर मिळे की खाट नाही. आकडा सकाळचा, गरज रात्रीची. सगळे खुले होते, पण ज्याच्या घरात प्राणवायूची पातळी उतरत होती त्याच्या हाती त्यातून काही लागले नाही. पारदर्शकतेचा आग्रह धरणाऱ्यांनी या अनुभवाला सामोरे जायला हवे.

त्याच काळात पुण्यात एक असे काम झाले की ज्याने खरी माहिती कशी असते ते दाखवून दिले. आयसर, पुणे विद्यापीठ आणि इतर संस्थांनी जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये येरवडा, कसबा-सोमवार पेठ, रास्ता-रविवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी आणि नवी पेठ-पर्वती या पाच प्रभागांत रक्ततपासणी करून किती जणांना लागण होऊन गेली ते पाहिले. निम्म्याहून थोड्या जास्त, ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. प्रभागाप्रभागांत हे प्रमाण सुमारे ३६ ते ६५ टक्के असे बदलत होते. बंगल्यांपेक्षा झोपडपट्टीत आणि चाळींत ते जास्त होते; सामाईक स्वच्छतागृह वापरणाऱ्यांत, ज्यांच्या घरात स्वतःचे आहे त्यांच्यापेक्षा ठळकपणे जास्त. या एका निष्कर्षात किती गोष्टी सामावल्या आहेत! तोवर पाच महिने आपण सगळ्या शहराला एकच सल्ला देत होतो: अंतर ठेवा, हात धुवा, लक्षणे दिसली तर स्वतंत्र खोलीत वेगळे राहा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात त्यांनी स्वतंत्र खोली कुठून आणायची? ज्या वस्तीत सकाळी स्वच्छतागृहासमोर रांग लागते, तिथे सहा फूट अंतर कोणी ठेवायचे? तिथल्या लोकांनी सल्ला मोडला, असे तेव्हा सर्रास बोलले गेले. सल्ला त्यांच्यासाठी लिहिलेलाच नव्हता, असे म्हणणे जास्त खरे ठरेल. लोहियानगरसाठीच्या सूचनेत स्वच्छतागृह दिवसातून किती वेळा, कोणत्या वेळी आणि कोण धुणार, गर्दी विभागायला वेळा कशा वाटून घ्यायच्या, रुग्णाला ठेवायला जवळची कोणती शाळा उघडली आहे आणि तिथे जेवण कोण देणार, हे असायला हवे. अशी सूचना लिहायची तर आधी वस्तीत जाऊन पाहावे लागते. आणि ती जाहीर केली की पालिकेवर स्वतःची बाजू पार पाडण्याचे ओझे येते. सर्वसाधारण सल्ला देणाऱ्याला ते ओझे नसते, म्हणूनच तो द्यायला इतका सोपा असतो.

स्थानिक म्हणजे नेमके किती स्थानिक, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा, कारण त्याचे उत्तर रोगागणिक बदलते. जीबीएसच्या वेळी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. दूषित पाणी किंवा नीट न शिजलेले मांस यांतून तो पोटात जातो, आधी जुलाब होतात आणि त्यानंतर दिवसांनी किंवा आठवड्यांनी काही जणांत हातापायांतली ताकद जाते. म्हणजे इथे महत्त्वाची हद्द प्रभागाची नव्हती, पाण्याची होती: कोणत्या विहिरीचे, कोणत्या टाकीचे, कोणत्या टँकरचे, कोणत्या खासगी आरओ प्रकल्पाचे पाणी घरात येते, ही. प्रत्यक्षात रोजची संख्या कशी मांडली जात होती? पुणे महापालिका, नव्याने समाविष्ट गावे, पिंपरी-चिंचवड, ग्रामीण, इतर जिल्हे. कार्यालयांच्या हद्दी. फाइलीसाठी त्या लागत असतील, पण किरकटवाडीत राहणाऱ्या बाईला त्यातून आपल्या नळाविषयी काहीच कळत नाही. आदल्या वर्षीची, २०२४ ची झिकाची साथ घ्या. एरंडवण्यात पहिले रुग्ण सापडले. एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि काहीशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. तिथे अंतर गल्लीचे मोजायचे, आणि पहिला निरोप त्या टापूतल्या गर्भवती बायकांना जायला हवा, कारण धोका सगळ्यांत जास्त त्यांच्या पोटातल्या बाळाला. फ्लू किंवा करोनासारख्या रोगात मात्र एकदा फैलाव झाला की गल्लीची हद्द निरर्थक ठरते. पीएमपीच्या बसमधून तो तासाभरात हडपसरहून कोथरूडला पोहोचतो. तिन्ही साथींना एकाच नमुन्याचा तक्ता वापरणे म्हणजे रोगाकडे न पाहताच उत्तर लिहिणे.

तिसरी शंका प्रामाणिक डॉक्टरांकडून येते आणि तिच्याविषयी मला सगळ्यांत जास्त आदर आहे. साथीच्या सुरुवातीला काहीच पक्के नसते. आज सांगितलेले उद्या फिरवावे लागते. मग लोकांचा विश्वास उडतो. त्यापेक्षा खात्री होईपर्यंत थांबावे. सल्ले फिरले, हे खरेच आहे. २०२० च्या सुरुवातीला निरोगी माणसाने मास्क वापरू नये असे सांगितले जात होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सरकारने घरी शिवलेला मास्क वापरा म्हटले. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर आधी ४ ते ६ आठवडे होते, मार्च २०२१ मध्ये ते ६ ते ८ झाले आणि १३ मे रोजी १२ ते १६. नेमक्या त्याच आठवड्यात तुटवड्यामुळे राज्याने १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवले होते. अंतर वाढवण्यामागे वैद्यकीय आधार होता: जास्त अंतराने प्रतिकारशक्ती चांगली येते असे परदेशातल्या अनुभवातून पुढे आले होते. पण ज्या शहराच्या कडेला मांजरीत ती लस तयार होते, त्या शहरातही रांगेतून परत आलेल्या माणसाने काय समजून घेतले? लस नाही म्हणून तारखा पुढे ढकलल्या. त्याला दोष कसा द्यायचा? अंतर वाढवण्याचे कारण त्याला सांगितलेच नव्हते, किंवा सांगितले तर दिल्लीतल्या पत्रकार परिषदेत, त्याच्या लसीकरण केंद्राच्या फळ्यावर नाही. विश्वास सल्ला बदलल्याने जात नाही. तो जातो आदल्या दिवशी ठाम सुरात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी अवाक्षर न काढता पुसून टाकल्याने. 'आज आम्हाला एवढे माहीत आहे, एवढे नाही, मंगळवारी तपासणीचे निकाल येतील तेव्हा पुन्हा सांगू' हे वाक्य कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याला शोभेल. आणि खात्री होईपर्यंत थांबायचे म्हटले तर पाणी उकळून प्यायला सांगायला जिवाणूचे नाव कळण्याची वाट पाहायची का?

कारण न सांगण्याची किंमत आरोग्यापुरती राहत नाही. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंध उठवण्यासाठी पाच स्तर ठरवले. तपासलेल्यांतले बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या व्यापलेल्या खाटा, या दोन निकषांवर कोणता जिल्हा कुठे ते ठरणार होते. मला तो निर्णय तत्त्वतः चांगला वाटला, कारण नियमामागचे माप पहिल्यांदा लोकांपुढे आले. पण ऑगस्टच्या सुरुवातीला ११ जिल्ह्यांत निर्बंध कायम राहिले, त्यांत पुणे होते. शहरातले प्रमाण खाली आले असताना दुपारी चारला दुकाने का बंद करायची, असा प्रश्न घेऊन लक्ष्मी रस्त्यावरचे व्यापारी रस्त्यावर उतरले. त्यांचा प्रश्न बिनतोड होता. काही दिवसांतच वेळ वाढवून मिळाली, पण ती आंदोलनानंतर मिळाली, आणि दबाव आणला की नियम वाकतो असा धडा त्यातून गेला. शहराचा आणि ग्रामीण भागाचा हिशेब तेव्हाच वेगळा मांडून, कोणत्या टक्क्याला काय उघडेल हे आधी सांगितले असते तर? व्यापाऱ्यांना रस्त्यावर यावे लागले नसते.

कर्मचारी आधीच पिचलेले आहेत, साथ आवरायची की पत्रके लिहायची, असेही विचारले जाते. हे खोटे नाही. आशा कार्यकर्त्या आणि पालिकेचे आरोग्य कर्मचारी या सगळ्या साथींत ज्या तऱ्हेने राबले त्याची परतफेड या शहराने केलेली नाही. पण माहिती नसल्याचा भार शेवटी कोणावर पडतो? घरोघर सर्वेक्षणाला जाणाऱ्या बाईवरच. प्रत्येक दारात तोच प्रश्न, तोच संशय, तीच दमदाटी तिला झेलावी लागते. त्यात भर म्हणजे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जीबीएसच्या साथीत, जानेवारी २०२५ मध्ये, शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. एरवी नळाला गढूळ पाणी आले तर माणूस नगरसेवकाला फोन करतो. तो काही करो न करो, तक्रार कुठे तरी पोहोचते. तेही दार बंद असताना प्रशासनाने जास्त बोलायला हवे होते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पालिकेत आली. धायरी पहिल्या खेपेत, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला दुसऱ्या. त्यांतल्या अनेकांची ग्रामपंचायत गेली आणि पालिकेची शुद्ध पाण्याची वाहिनी मात्र अजून सगळीकडे पोहोचली नाही. ज्यांच्याकडे विचारायला माणूस उरला नाही, साथ नेमकी त्यांच्याच पाण्यात निघाली.

मग हवे काय? १५ क्षेत्रीय कार्यालयांपैकी प्रत्येकाने साथीच्या काळात रोज एका ठरलेल्या वेळी एक पान काढावे. त्यावर प्रभाग क्रमांकाऐवजी लोक वापरतात ती नावे असावीत: अमुक टाकीखालचा भाग, अमुक गावठाण. गेल्या सात दिवसांत इथे किती रुग्ण, आधीच्या सात दिवसांपेक्षा कमी की जास्त. पाण्याची साथ असेल तर कालच्या नमुन्यांत नळाशी क्लोरिन किती निघाले, किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असायला हवे, ते नसेल तर कधीपर्यंत होईल. गावोगाव पाण्यातले क्लोरिन तपासणारी ओटी टेस्ट करणाऱ्यांना ही तपासणी नवी नाही, फक्त निकाल वहीतून बाहेर आणायचा आहे. त्याखाली घरच्यांसाठी दोन-तीन ओळी: पाणी उकळा, चिकन पूर्ण शिजवा, ते खायला हरकत नाही, गेल्या काही आठवड्यांत जुलाब झाले असतील आणि आता जिना चढताना पाय साथ देत नसतील तर आजच्या आज रुग्णालय गाठा, हा आजार शेजाऱ्याजवळ बसल्याने होत नाही. काल सांगितलेले काही बदलले असेल तर काय आणि का. पालिका आज स्वतः काय करणार. शेवटी वैद्यकीय अधिकाऱ्याचे नाव आणि कोणी तरी उचलेल असा फोन क्रमांक. याला नवे ॲप लागत नाही. मिळकतकराची आठवण पालिका मोबाइलवर पाठवते, त्याच यादीतून त्या टाकीखालच्या घरांना हा निरोप जाऊ शकतो. यादीत नसलेल्या भाडेकरूंसाठी आणि वस्त्यांसाठी घंटागाडीचा भोंगा आहे. ती रोज सकाळी प्रत्येक गल्लीत जाते आणि तिच्यावरून त्या गल्लीपुरत्या चार ओळी ऐकवायला एक मिनिट पुरते.